वांग्याच्या पानामागे

कुठल्याही झाडाजवळ गेलो की माझा हात आपोआप पान उलटं करतो. पाहुण्यांच्या गच्चीतली कुंडी असो की दवाखान्याबाहेरची जास्वंद, पान उलटवून डोळ्यांजवळ नेल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नातवंडं हसतात, आजोबा झाडाची नाडी बघतात म्हणतात. माझी दुसरी खोड त्यांच्या अजून लक्षात आलेली नाही. बाहेरून आलो की उंबऱ्याबाहेरच थांबून मी पायजमा गुडघ्यापासून खाली तीनदा झटकतो. बायकोला ती स्वच्छतेची आवड वाटायची. मी तिला तसंच वाटू दिलं.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी बावीस वर्षांचा होतो आणि चाकणच्या वाटेवरच्या एका गावात ग्रामसेवक म्हणून नवाच लागलो होतो. वर्षभराचं प्रशिक्षण झालेलं, त्यात खतं, विहिरी, साथीचे रोग, किडी असं सगळ्याचं थोडं थोडं शिकवलेलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय ते तेव्हाच्या माझ्याकडे बघून कळलं असतं. खिशात पितळी कडीचं एक भिंग असायचं, पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेलं. गावात शिरताना मी ते उगाच हातात धरायचो. पोरं मागे यायची, म्हातारे आपल्या हाताच्या रेषा बघून मागायचे.

गाव मूळचं बाजरीचं आणि कांद्याचं. पण पिंपरीला निर्वासितांचा कॅम्प भरला होता, तिकडे कारखाना उभा राहिला होता, आणि त्या सगळ्यांना रोज ताजी भाजी लागायची. त्यामुळे ज्यांच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकत होतं अशा पाच जणांनी त्या साली उन्हाळी वांगी लावली. एक दिवसाआड सकाळी लॉरी यायची आणि पाट्या भरून न्यायची. वांगी तोडायला बाया लागायच्या, आणि त्या बायांमध्ये सगळ्यांत चलाख हात अक्काचा होता.

अक्का म्हणजे तिला मी अक्का म्हणायचो. तिशीची असेल. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. भाऊ सज्जन होता, पण घरात त्याचं फारसं चालत नसे. भावजयीनं तिला पडवीत जागा दिली होती ती एका अटीवर, की तिनं आपलं पोट आपण भरायचं. तोड्याला बोलावणं आहे तोवर पडवी, नाहीतर नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. तेव्हा पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणता येणार नाही.

पानांचा रस शोषणारे कोळी मला दाखवले तिनंच. मी शाळेमागच्या खोलीत राहायचो, आणि खोलीला लागूनच विहिरीवरचं वावर होतं. त्या वावराच्या बांधावर एरंडाची झाडं होती. एक दिवस तिनं एरंडाचं पान आणून माझ्यासमोर उलटं धरलं. मला धूळ दिसली. ती म्हणाली, धूळ चालत नसती. भिंग लावलं तर खरोखरच ती धूळ चालत होती. तांबूस, टाचणीच्या टोकाहूनही बारीक, आठ पायांचे कोळी आणि त्यांचं पातळ जाळं. पान वरून बघितलं तर नुसते पांढुरके ठिपके, सुईनं टोचल्यासारखे. पुस्तकात मी कोळी हा शब्द वाचला होता, प्राणी पहिल्यांदाच बघत होतो, पण तिच्यासमोर मी मान अशी हलवली की जणू रोजच बघतो.

मग मला नादच लागला. शाळेच्या वरांड्यात मी एका थाळीत ओलं फडकं पसरलं आणि त्यावर गोलाकार पानांचे तुकडे मांडले. वांग्याचं, भेंडीचं, कांद्याची पात, झेंडूचं पान. मधोमध कोंबडीच्या पिसानं वीस-पंचवीस कोळी सोडले. आणि भिंग घेऊन बसलो. अक्का तोड्यावरून परतताना टेकायची आणि बघायची.

ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. त्या जिवांना डोळे असून नसल्यासारखे. पुढचे दोन पाय वर उचलून ते हवेत चाचपायचे, दिवा गेल्यावर माणूस भिंत शोधतो तसे. कांद्याच्या पातीजवळ जायचे, पाय लावायचे आणि मागे वळायचे. झेंडूवर दोन-तीन चढले, थोडे फिरले, उतरले. भेंडीवर काही थांबले. वांग्याच्या पानावर मात्र चढले की आधी जागेवर थांबून तोंड टोचायचे, जरा वेळ तसेच राहायचे, आणि मग पानाच्या खालच्या अंगाला जायचे. एकदा खाली गेले की वर येत नसत. मी अक्काला ऐटीत सांगितलं की हे आधी वास घेतात, मग चाखून बघतात, आणि पटलं तरच बसतात.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली घेवड्याचं पान ठेवा, बाकी सगळं सोडून तिकडं जातील. ठेवलं. तासाभरात अर्धे तिकडे. तिला आणखीही माहीत होतं. पाटाच्या शेवटाला, जिथं पाणी उशिरा पोचतं, तिथली झाडं ही कीड आधी धरतात. रस्त्याकडच्या धुळीनं भरलेल्या ओळी आधी धरतात. झाडातलं सगळं संपलं की कोळी शेंड्याला गोळा होतात आणि सूत सोडून वाऱ्यावर जातात. हे तिनं शिकून नाही, वाकून वाकून बघितलं होतं. मी ते सगळं माझ्या वहीत उतरवून काढलं, आणि खाली तिचं नाव लिहिलं नाही. माझं निरीक्षण म्हणून लिहिलं.

त्या भागात एक रीत होती. भाजीच्या वावरात पहिला तोडा सवाष्णीनं करायचा. तिची ओटी भरायची, तिनं पहिलं फळ तोडून बांधावरच्या दगडाला ठेवायचं, मग बाकीच्या बायांनी आत पाऊल टाकायचं. विहिरीवरच्या वावरात त्या साली ते राहून गेलं. लॉरी एक दिवस आधी आली. मालकाची बायको माहेरी होती. मालक म्हणाला तोडा, फळ जून होतंय. आणि पहिलं वांगं तोडलं ते अक्कानं, कारण पाटी घेऊन ती सगळ्यांच्या पुढे उभी होती.

आठवडाभरात ते वावर भुरकट पडायला लागलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ. कोळी आले होते बांधावरच्या एरंडावरून, एरंड उन्हानं वाळायला लागला म्हणून. पण गावानं एरंडाकडे बघितलं नाही, अक्काकडे बघितलं. मग पाटलांचं वावर धरलं. मग ओढ्याकाठचं. प्रत्येक ठिकाणी अक्का तोड्याला गेलेली. बाया तिच्या मागच्या ओळीत उभं राहायला नको म्हणू लागल्या. कुणी म्हणालं नवऱ्याच्या घरीही हिच्या पायानं असंच झालं असणार.

मी चिडलो. खरंच चिडलो होतो, ते खोटं नव्हतं. गंधकाची भुकटी मी मागवली होती, ती यायची होती, पण तोवर या अडाणी लोकांना (तेव्हा मी हाच शब्द वापरायचो) शहाणं करून सोडायचं असं मी ठरवलं. पाटलांना सांगून देवळापुढच्या पारावर गाव जमवलं. सकाळची दहाची वेळ होती, ऊन तापलं होतं. अक्का नुकतीच ओढ्याकाठच्या वावरातून आलेली, पदर खोचलेला, पार सोडून कडेला उभी.

मी उलटी पानं दाखवली. भिंग फिरवलं. लोकांनी कोळी बघितले आणि त्यांच्या तोंडून हळहळ निघाली. मी म्हणालो की हा कुणाचा पायगुण नाही, हा जीव आहे, पोट भरायला आलेला आहे. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग पाटलांनी विचारलं. पाटील हुशार माणूस होता, वाईट नव्हता.

"पर भाऊसायेब, एवढासा जीव. पंख न्हाईत. ह्या वावरातनं त्या वावरात जातो कसा?"

प्रश्न नेमका होता आणि उत्तर मला पाठ होतं. मी म्हणालो वाऱ्यानं जातो, सुतावर लोंबून. पण या दिवसांत वारा पडलेला होता, ते लोकांनाही माहीत होतं. म्हणून मी पुढचंही सांगितलं. माणसाच्या कपड्यांना चिकटूनही जातो.

कुणाच्या कपड्यांना, असं मागून एका बाईनं विचारलं. आणि सगळे अक्काकडे बघायला लागले.

त्या क्षणी मी काहीही करू शकलो असतो. कुणाच्याही, असं म्हणून विषय संपवू शकलो असतो. पण मला वाटलं प्रत्यक्ष दाखवलं की भीती जाईल. विद्येचा माज दुसरं काय. मी पारावरून उतरलो, अक्कापुढे गेलो, तिच्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला आणि भिंग लावलं. हिरव्या काठावर चार तांबूस ठिपके हळूहळू वर चढत होते, पुढचे पाय उचलून चाचपत. मी मान वर केली आणि म्हणालो, "आहेत."

तेवढा एकच शब्द. त्यावर मी आणखी बरंच बोललो, की हे कुणाच्याही कपड्यांवर येतील, यात तिचा दोष नाही, कपडे झटकले की पुरे. ते कुणी ऐकलं नाही. बाया एकामागून एक येऊन भिंगातून बघून गेल्या आणि प्रत्येक जणी बघून झाल्यावर दोन पावलं मागे सरली. गावाला जे आधी नुसतं वाटत होतं ते आता सरकारच्या माणसानं भिंग लावून दाखवलं होतं.

शेवटी अक्कानं भिंग मागितलं. आपलाच काठ डोळ्यांजवळ नेऊन तिनं बराच वेळ बघितलं. मग मला परत देताना ती सावकाश म्हणाली, "भाऊसायेब, तुमच्या पायजम्यावर बी बघा की."

लोक हसले. सरकारी माणसाच्या पायजम्यात किडे, असं कुणीतरी म्हणालं, आणि आणखी हसले. मीही हसलो. भिंग खिशात टाकलं.

खोलीवर येऊन दार लावून घेतलं आणि मग बघितलं. गुडघ्याखाली दोन्ही पायांवर कोळीच कोळी होते. तिच्या काठावर चार होते, माझ्या एका पायावर मी मोजायचं सोडून दिलं.

आम्हाला रोजची दैनंदिनी लिहावी लागे, कुठे गेलो, काय बघितलं. मी ती उघडून बसलो. रोज सकाळी मी खोलीतून निघायचो तो आधी शेजारच्या विहिरीवरच्या वावरात, कारण ते सगळ्यांत जास्त धरलेलं आणि मला कोळी बघायची हौस. ओळींमध्ये बसून, रांगून पानं उलटवायचो. तिथून तसाच पाटलांकडे. मग ओढ्याकाठी. मग तालमीमागच्या वावरात, आणि शेवटी गावाबाहेरच्या एका म्हातारीच्या मळ्यात. तोवर वावरं धरत गेली होती ती याच क्रमानं. अक्काचा क्रम वेगळा होता. ती ओढ्याकाठी आधी जायची आणि पाटलांकडे नंतर. आणि म्हातारीच्या मळ्यात तर ती कधीच गेली नव्हती. सोवळ्यातली म्हातारी टाकलेल्या बाईला बांधावर चढू देत नसे. त्या मळ्यात आतापर्यंत ना अक्का गेली होती ना कोळी. मी मात्र रोज जात होतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या हातात तर भिंग होतं.

मला तेव्हाच उठून पाटलांकडे जायला हवं होतं. वाडा शंभर पावलांवर होता. मी पायजमा उकळत्या पाण्यात टाकला, अंघोळ केली आणि उद्या सांगू असं ठरवलं. उद्याही तेच ठरवलं. कारण लपवण्यात अर्थ नाही, मला माझा मान प्यारा होता. नोकरी कायम व्हायची होती. गाव नुकतंच माझं ऐकायला लागलं होतं, आणि गावभर कीड मीच फिरवली हे एकदा कळलं की उद्या लसीला आणि खताला माझ्या दारात कोण आलं असतं? असं मी मनाला समजावलं. मनाला काहीही समजावता येतं.

अक्काला कुणी तोड्याला बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी भावजयीनं पडवीतलं तिचं बोचकं ओट्यावर आणून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी भाजीच्या लॉरीतच, भरलेल्या पाट्यांमध्ये बसून ती पिंपरीकडे गेली. तिचा भाऊ लॉरीपर्यंत आला होता आणि दुसरीकडे बघत उभा होता. मी शाळेच्या वरांड्यात होतो. तिनं माझ्याकडे बघितलं का ते मला माहीत नाही, कारण मी थाळीतल्या पानांवर वाकलो होतो. थाळी तर दोन दिवसांपूर्वीच वाळून गेली होती.

ती गेल्यावर आठ दिवसांनी म्हातारीच्या मळ्यातली पानं पांढरी पडली. मी मुळापासून हादरलो. आता तरी कुणी विचारेल, ती इथे कधी आलीच नाही मग कसं, असं मला वाटलं. मी त्या प्रश्नाची वाटच बघत होतो, कुणी विचारलं असतं तर मी सगळं सांगून मोकळा झालो असतो. म्हातारी म्हणाली, जाताना बांधावरनं सावली पडली असंल तिची. आणि ते सगळ्यांना पटलं.

पुढे पाऊस आला, कोळी धुऊन गेले, माझी नोकरी कायम झाली.

पुढच्या उन्हाळ्यात पिंपरीच्या कॅम्पाच्या बाजारात ती मला दिसली. गोणपाट पसरून भाजी विकत बसली होती. समोर वांग्यांचा ढीग. मी निघून जायच्या बेतात होतो, पण तिनं आधीच बघितलं होतं आणि हाक मारली. चांगली दिसत होती. एका मोटार मेकॅनिकच्या घराशेजारी खोली मिळाली होती, त्याची बायको फार मायेची असल्याचं तिनं सांगितलं. भाजी लॉरीवरून उतरवून घ्यायची आणि विकायची. मी विचारलं, तोड्याला जात नाहीस का? इकडेही मळे आहेत, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही.

ती वांगी पुसत होती. म्हणाली की एक माळीण रोज बोलावते, बंगल्याच्या बागेतही काम होतं. पण वावरात पाय टाकायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. खोलीपुढे तुळससुद्धा लावली नव्हती. कशाला उगं कुणाच्या हिरव्यावर जायचं.

मग मी सांगितलं. बाजारात, उन्हात, भोवती लोक भाव करत असताना, उभ्यानंच सांगितलं. पायजमा, दैनंदिनी, वावरांचा क्रम, म्हातारीचा मळा. ती पारावर म्हणाली होती तेच खरं होतं, ते मीच नेले होते, आणि मी हे एका वर्षापासून जाणतो. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि ती द्यावी असं मला फार वाटत होतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग लहान पोराची समजूत घालावी तसं माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी नगा वाईट वाटून घेऊ. तुमच्या अंगावर आलं आसतील, पर ते चुकून. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, ते आधी वास घेत्यात, चाखून बघत्यात, पटलं तरच बसत्यात."

मी म्हणालो, अक्का, ते पानांचं सांगितलं होतं. कपड्यांना ते निवडत नाहीत, जे समोर येईल त्याला धरतात. तूच तर पारावर मला बघायला लावलंस.

"व्हय, म्हणलं व्हतं तवा," ती म्हणाली. "वरीसभर इचार केला की. मला चाखून बघितलं आसंल त्यांनी."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिनं चार वांगी उचलून माझ्या पिशवीत टाकली, घरी घेऊन जा म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली. पिशवीत एका वांग्याच्या देठाशी पान राहिलं होतं. मी ते कॅम्पाबाहेर आल्यावर उलटं करून बघितलं. स्वच्छ होतं.